गुळाच्या खोलीचं दार

दार आत उघडायचं होतं आणि आतून कुणीतरी त्याला लागून पडलं होतं. आमच्या मालकांनी खांदा लावला, दार बोटभर सरकलं आणि तिथंच थांबलं. मी खाली बसून फटीतून बघितलं, तर उंबऱ्याला टेकलेला एक गाल दिसला. गीताचा. गाल लालबुंद होता, आताच पळून आल्यासारखा, आणि तोंड झोपेतल्या माणसासारखं सैल. मी म्हणाले, "गिते, जरा सरक की गं, दार उघडायचंय." एवढ्या वर्षांनीही मला दुसरं काही आधी आठवत नाही, हेच आठवतं, की मी तिला सरकायला सांगितलं. ती सरकली नाही. मालक "आशे! ए आशे!" म्हणून ओरडत होते आणि दारावर बुक्क्या मारत होते. शेवटी गूळ काढणाऱ्या गुळव्यानं पहार आणली, बिजागऱ्यांत घातली आणि दार चौकटीतून उपटून बाहेर ओढलं. आतली गरम हवा तोंडावर आली. धूर नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर भेटेल त्यानं विचारलं, धूर कसा दिसला नाही तुम्हाला? धूर नव्हताच. मधोमध एक घमेलं होतं, त्यात राख धरलेले निखारे, आणि दाराशी दोन पोरी. गीता घोंगड्यात गुंडाळलेली, तोंड उंबऱ्याकडं. आणि माझी आशी तिच्या पाठीवर आडवी पडलेली, घोंगड्याचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. ती मूठ सोडवायला गुळव्याला एकेक बोट उलगडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी या दोघींच्या कुस्त्या होत्या, कोल्हापुरात, जिल्ह्याच्या. त्यासाठीच त्या खोलीत बसल्या होत्या. कुणाला हे पटत नाही. मलाही सांगताना पटत नाही.

माझी शाळा चौथीत सुटली. माझ्या स्वतःच्या वाढण्याचं सांगण्यासारखं थोडंच आहे. हायस्कूल म्हणजे काय असतं ते मला या पोरींनी दाखवलं, आणि जे काही पुढं वाढले ते त्यांच्याबरोबर. आशी म्हणजे अश्विनी, माझी मुलगी. गीता माझ्या धाकट्या बहिणीची. बहीण शाहूवाडीकडं डोंगरात दिलेली. तिथं भाताची शेती, आणि सातवीच्या पुढची शाळा म्हणजे पावसाळ्यात ओढा ओलांडून जायचं. म्हणून आठवीला गीता आमच्याकडं राहायला आली. आली तेव्हा हातापायांच्या काड्या. आमची सासू, तिला सगळे आव्वा म्हणायचे, ती दारातच म्हणाली, "यव्वा, हिला काय वाळत घातलतं काय गं तुझ्या भणीनं?" आव्वा सीमेकडची. रागात कानडी बोलायची आणि मायेत टोचून. मला वाटलं पोर आता रडणार. तर गीता म्हणते, "न्हाय आज्जी, आमच्यात भात वाळत घालत्यात. मला सावलीतच ठेवलंय." आव्वा पोट धरून हसली. त्या दिवसापासून ताटात पहिली भाकरी गीताला पडायला लागली आणि आशी म्हणायला लागली, "मी काय भाड्यानं ऱ्हातोय काय हितं?" आमच्याकडं पोरी अशाच बोलतात, जातो, येतो, करतो. पुण्याच्या बायका ऐकून हसतात. हसू देत.

घर गावाच्या कडेला होतं. मागं परडं, परड्यात म्हशी, आणि रस्ता ओलांडला की आमचं गुऱ्हाळ. दिवाळी झाली की ऊस पिळायच्या चरकाचं इंजिन सुरू व्हायचं, ते उन्हाळा तापेपर्यंत दिवसभर धडधडत असायचं. घरात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं. कोल्हापूरची माणसं मोठ्यानं बोलतात म्हणतात. दुसऱ्यांचं ठाऊक नाही, आमच्या घरात त्याला कारण इंजिन होतं. कपड्यांना, केसांना, पाण्यालासुद्धा उकळत्या रसाचा वास यायचा. पोरी शाळेतून आल्या की दप्तर टाकून थेट गुऱ्हाळात जायच्या, भाकरीवर गरम काकवी ओतून उभ्याउभ्याच खायच्या आणि हात पायऱ्यांवर पुसायच्या. मी मागून पायऱ्या धुवायचे, कारण मुंग्या. मला त्या काळातलं गोड काय आठवत असेल तर हेच, आणि मला गोड फारसं आवडतही नाही. मी दूधभाकरीवर खर्डा खाणारी बाई.

हायस्कुलात शनिवारी शेवटचे तास मंडळांचे असायचे. प्रत्येकीनं कुठल्यातरी एका मंडळात नाव घालायचं. मी विचारलं, "कुठल्या मंडळात घातलं नाव?"

"क्रीडा," आशी म्हणाली.

"म्हंजे काय करायचं?"

"खेळायचं की."

"खेळायला मंडळ कशाला लागतंय?"

गीता म्हणाली, "मावशी, वाङ्मय मंडळात निबंध लिवायला लागतोय. विज्ञान मंडळात बेडकं कापायला लागत्यात. ह्यात नुसतं पडायचं आन् उठायचं."

क्रीडा मंडळ माने बाईंकडं होतं. बाई तरुण होत्या, पायात बूट घालून शाळेत यायच्या, त्यामुळं गावातल्या बायका त्यांच्याकडं मान वळवून बघायच्या. मुलींच्या कुस्त्या तेव्हा शाळांच्या स्पर्धांत नवीनच धरायला लागले होते. खोखो-कबड्डीला सगळ्या शाळांच्या मुली तयार, कुस्तीला कुणीच नाही, म्हणून बाईंनी डोकं चालवलं आणि मंडळातल्या पोरींना विचारलं, कोण लढणार? आमच्या दोघींनी हात वर केले. गावात तालीम होती, चांगली जुनी, पण तालमीत बाईमाणूस पाऊल टाकत नाही. मी लग्न होऊन आल्यापासून तिचं दार बाहेरूनच बघितलेलं. मग शाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीशेजारी कुस्तीचा हौदा खणला. आमचे मालक स्वतः तरुणपणी कुस्ती केलेले. पोरी त्यांना अण्णा म्हणायच्या. अण्णांनी ट्रॉलीभर तांबडी माती नेऊन टाकली, चाळली, आणि घरातून ताक, तेल, हळद नि लिंबं नेऊन तिच्यात कालवली. आव्वा तेलाचा डबा हलवून म्हणाली, "व्हय रं, मातीला फोडणी दिलीस? आता मोहरी तेवढी ऱ्हायली बघ."

मी पहिल्यांदा त्यांची कुस्ती बघायला गेले तेव्हा मला धक्काच बसला. घरी या दोघी एका पांघरुणात झोपायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या. आणि तिथं आशीनं गीताची मान अशी दाबली की मी ओरडले, "सोड गं तिला, मरंल ती!" गीता मातीतून तोंड वर करून म्हणते, "मावशी, तू मधी बोलू नगं, डाव चुकतोय." आणि पुढच्या क्षणाला आशी पाठीवर. टाकीवर बसलेली पोरं शिट्ट्या मारायला लागली. बाईंनी दगड उचलला तशी पळाली. मी घरी येऊन आव्वाला सांगितलं. आव्वानं विचारलं, "जिकलं कोण?" म्हटलं, आपल्याच दोघी. "मग हरलं कोण?" म्हटलं, आपल्याच. आव्वा म्हणाली, "बरं हाय की मग. घरातलं घरात."

आता नातवाच्या मोबाइलवर पोरींच्या कुस्त्या दिसतात, गादीवरच्या, रंगीत पोशाखातल्या. तो मला दाखवायला येतो. मी बघत नाही. त्याला कारण सांगितलेलं नाही, आता हे वाचून कळेल.

एकदा बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, पोरींना अंडी द्या. आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंडं येत नाही. आव्वा नुसती बाईंच्या बुटांकडं बघत राहिली. अण्णा म्हणाले, "बाई, अंडी न्हाईत, पण म्हशी हाईत." आणि त्या दिवसापासून सकाळी म्हशीखालचं ताजं दूध, तिथंच उभं राहून प्यायचं, फेस मिशीसारखा ओठावर. संध्याकाळी शेंगदाणे आणि गूळ. काडीसारखी आलेली गीता वर्षात भरली. दंड गोल झाले, चालण्यात जोर आला. तिचा बाप सखाराम दिवाळीला आला तेव्हा त्यानं लेकीला ओळखायला वेळ लावला. मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "कुस्ती करती म्हणं! बघू तरी कुणाला पाडतीया. जिल्ह्याला आलीस तर फेटा घिऊन येतो, आन् गाव घिऊन येतो." तो चेष्टेत बोलला. पोरीनं ते मनावर घेतलं.

कुस्तीत वजनाचे गट असतात, आणि एका गटात शाळेची एकच मुलगी लढू शकते. दोघींची वजनं तेव्हा जवळजवळ सारखी होती. तालुक्याला बाईंनी आशीला वरच्या गटात घातलं आणि गीताला खालच्या. गीता खालच्या गटात जेमतेम बसली. दोघी जिंकल्या. शाळेत त्यांची नावं फळ्यावर लिहिली, आणि ज्या पोरी आधी नाक मुरडत होत्या त्या डब्यातली भाजी द्यायला लागल्या. मग गुऱ्हाळ सुरू झालं, काकवी सुरू झाली, आणि जिल्ह्याच्या दोन दिवस आधी शाळेच्या काट्यावर गीता गटाच्या वर निघाली. फार नाही, पण वर. काटा बघतो तो माणूस थोडंही सोडत नाही, बाई म्हणाल्या. गीताला वरच्या गटात घालायचं तर आशीला काढावं लागणार. दोघींतली एकच जाणार.

त्या संध्याकाळी दोघी जेवल्या नाहीत. आशी म्हणाली, "गिते, तू जा. तुझा बा येणार हाय." गीता म्हणाली, "तुझ्या जागंवर? मी न्हाय जाणार." "मग दोघी बी घरात बसू." "बसू की." आणि खरंच बसल्या, भिंतीला टेकून, तोंडं फुगवून. आव्वा म्हणाली, "ह्यांची सोयरीक मोडली काय गं?" दुसऱ्या दिवशी गीता पाण्याचा थेंब न पिता सकाळभर ग्राउंडवर पळली, अंगात दोन स्वेटर घालून. वजन थोडं उतरलं, पण राहिलंच. बाई म्हणाल्या, "राहू दे पोरी, पुढच्या वर्षी बघू." बाईंनी हे म्हटलं होतं. नंतर लोकांनी बाईंना बोल लावला म्हणून मी लिहून ठेवते, की त्यांनी हे म्हटलं होतं आणि पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं.

दुपारी गीता शाळेतून घरी आली ती डोळे पुसतच. अण्णा जेवून उठले होते. म्हणाले, "आगं, एवढ्यानं रडतात व्हय? आमी काय करत हुतो ठावं हाय का? कुस्तीच्या आदल्या दिवशी घोंगडं पांघरून गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी बसायचं. घडीभरात अंगातलं पाणी भाईर. उठून काट्यावर हुभं ऱ्हायलं की काटा खाली." चुलवाण म्हणजे रस उकळायच्या काहिलीखालची मोठी भट्टी, जाळव्या तिच्यात जाळ घालत असतो. तिच्या तोंडाशी बसलं की थंडीतसुद्धा घाम फुटतो. तालमीतली पोरं हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेली. कुणाला कधी काही झालं नव्हतं. गीताचं तोंड उजळलं. "आत्ताच बसतो की मग!"

तेव्हा आव्वा म्हणाली, "खुळा हायस काय रं? जाळव्या हाय तिथं, गुळव्या हाय, उसाच्या गाड्यांची माणसं येत्यात जात्यात. वयात आलेली पोर घामानं भिजून गड्यांच्या म्होरं बसवतूस?"

ते बरोबरच होतं. कुणालाच ते चूक वाटलं नाही, मला धरून. चुलवाण उघड्यावर, नुसतं छप्पर वर, चारी बाजू मोकळ्या. तालमीतली पोरं तिथं लंगोटावर बसायची. पोरीला तसं बसवणार कसं? अण्णा जरा विचार करून म्हणाले, "मग गुळाच्या खोलीत बसू दे. निखारं आत नेऊन ठेवू." गुळाची खोली गुऱ्हाळाला लागूनच होती. बाहेरची ओल लागली की गूळ पाझरतो, म्हणून ती खोली बांधतानाच बंद बांधलेली. एक झरोका, त्यातही चिंध्या कोंबलेल्या. दाराखालच्या फटीलासुद्धा पोतं लावायची सवय. त्या आठवड्यात गूळ बाजारात गेला होता आणि खोली रिकामी होती. सगळं जुळून आल्यासारखं वाटलं. अण्णांनी चुलवाणातले लालभडक निखारे घमेलंभर काढले आणि मधोमध ठेवले. गीता आतून सदरा, वरून खताचं प्लास्टिकचं पोतं, त्यावर घोंगडं, अशी गुंडाळून बसली. नुसतं नाक बाहेर. आव्वा बघून म्हणाली, "कांद्याचं पोतं दिसतंय."

आशीला आत जायचं काही कारण नव्हतं. तिचं वजन ठीक होतं. ती म्हणाली, "मी बसतो की तिच्यासंगं. एकटी बसली तर झोपून जाईल ही." मी म्हटलं, "तुझं बी वजन उतरंल की." "उतरंल तर उतरू दे, मी शेंगदाणे घिऊन बसतो." आणि खरंच ओंजळभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा घेऊन गेली. गीता पोत्यातून ओरडली, "मावशी, हिला भाईर काढ, ही माझ्याम्होरं खाणार हाय!" आशी म्हणाली, "त्येच तर करणार हाय. तोंडाला पाणी सुटून आणखी वजन उतरंल." मी दार ओढून घेतलं. अण्णांनी पोतं फटीला लावलं.

मी गुऱ्हाळातच होते, गुळाचे साचे धूत होते. इंजिनाच्या आवाजातही त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. शाळेतल्या लेझमीचे ठेके म्हणत होत्या, एक म्हणायची आणि दुसरी चुकवायची. मध्ये एकदा मी जाऊन दार वाजवलं, "काय गं, जित्या हायसा न्हवं?" आतून आशी म्हणाली, "व्हय! गिती नुसती गळतीया, रस काढल्यासारखी!" आणि गीता म्हणाली, "मावशी, डोस्कं दुखतंय." मी म्हटलं, "उपाशी हायस म्हणून दुखतंय. हुईल थोड्या येळात." तेही खरंच होतं, आदल्या संध्याकाळपासून पोर उपाशी होती. मी परत साच्यांकडं आले.

मग चरकाचा पट्टा सुटला आणि इंजिन बंद पडलं. दिवसभर धडधडणारं इंजिन थांबलं की आधी काही क्षण कानात ते चालूच राहतं. मग एकेक आवाज यायला लागतात, काहिलीतला रस रटरटल्याचा, बैलाच्या घुंगरांचा, जाळव्याच्या खोकल्याचा. खोलीतून काही आलं नाही. मी साचा हातात घेऊन उभी राहिले आणि ऐकलं. अण्णांनीही तिकडं मान वळवली. मी हाक मारली. परत मारली. त्यानंतरचं मी वर लिहिलं आहे.

दुधाचा टेम्पो संध्याकाळच्या दुधाला नुकताच वळणावर आला होता. त्यातले कॅन रस्त्यावर टाकले आणि पोरींना आत घातलं. मी मध्ये बसले, दोघींची डोकी माझ्या मांडीवर. टेम्पो उघडा होता आणि वारा जोरात लागत होता. अण्णा हौद्यात उभे राहून एकसारखं म्हणत होते, "उन्हात बसवलं न्हाय, जाळात बसवलं न्हाय, काय झालं? काय झालं?" वाटेत कुठलीतरी एक ओकली. माझा सगळा पदर भिजला. मला आनंद झाला, कारण मेलेलं माणूस ओकत नाही. पण दोघींची तोंडं पदरातच होती, आणि कुठली ओकली ते मला दिसलं नाही. मी दोघींनाही सारखंच चोळत राहिले.

मोठ्या सरकारी दवाखान्यात त्यांना आत नेलं, एकीला या दारातून, एकीला त्या. एक तरुण डॉक्टर बाहेर आला, त्यानं विचारलं, "खोलीत कोळसा पेटवला होता का?"

अण्णा म्हणाले, "कोळसा न्हाय. निखारं हुतं. धूर न्हाय, काय न्हाय."

"दार बंद होतं?"

"व्हय."

डॉक्टरनं सांगितलं की बंद खोलीत निखाऱ्यातून विषारी वायू निघतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, तो रक्तात जाऊन बसतो आणि माणूस बसल्याजागी शुद्ध हरपतो. डोकं दुखतं ती त्याची पहिली खूण. जो जास्त हालचाल करतो, ओढाताण करतो, त्याला तो लवकर चढतो.

अण्णा म्हणाले, "आवो डॉक्टर, आमी जलमभर जाळापाशी बसलोय."

डॉक्टर म्हणाला, "उघड्यावर बसला असाल."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. मी त्या माणसाबरोबर पुढं पुष्कळ वर्षं संसार केला, शेवटपर्यंत, पण त्या वाक्यावर आम्ही कधीच बोललो नाही. गुऱ्हाळ त्यांनी पुढल्या हंगामात पेटवलं नाही. काहिल विकली, चरक विकला. खोली तशीच होती, बिनदाराची, तिच्यात शेळ्या बसायच्या.

माने बाई आल्या, पायात बूट, पण एकाची नाडी सुटलेली. त्या काही विचारायच्या आत मी म्हटलं, "वजन कमी करायला बसवलतं." बाई भिंतीला धरून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी राहू दे म्हटलं होतं हो. राहू दे म्हटलं होतं." मी म्हटलं, "व्हय बाई, म्हटलं हुतं." त्या रात्रभर तिथंच बसून होत्या. मला एकदा चहा आणून दिला, मी तो प्यायले. लोक म्हणतात अशा वेळी घास उतरत नाही. मला भूक लागली होती. मी बाईंनी दिलेली बिस्किटंही खाल्ली, आणि शरीर असं कसं करू शकतं याचंच मला नवल वाटत होतं.

बहिणीच्या वाडीवर तेव्हा फोन नव्हता. टेम्पोवाल्याला म्हटलं सकाळी जाऊन सांग, पण तो पोचायच्या आधीच सखाराम पहिली एसटी धरून निघाला होता. तो दवाखान्यात आलाच नाही, तो गेला कुस्त्यांच्या मैदानावर. बरोबर भावकीतली माणसं, एकाकडं हलगी. तिथं ते बसून राहिले. मुलींचे गट पुकारले गेले. आमच्या शाळेचं नाव दोनदा पुकारलं, दोन्ही वेळा कुणी पुढं आलं नाही, तेव्हा सखारामनं उठून विचारलं की माझी पोरगी कुठं हाय. दुसऱ्या एका शाळेच्या सरांना बातमी लागली होती. त्यांनी त्याला नुसतं एवढंच सांगितलं, दवाखान्यात जा, पोरी दवाखान्यात आहेत.

तो व्हरांड्यातून चालत आला तेव्हा हलगीवाला त्याच्या मागंच होता, हलगी गळ्यात तशीच. सखारामच्या काखेत गुलाबी फेटा होता, दुकानातून आणलेला, कागदातून अर्धा बाहेर आलेला. त्यानं अण्णांकडं बघितलं. अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले होते, ते वळले नाहीत. मग माझ्याकडं बघितलं. त्याला विचारवत नव्हतं. कसं विचारणार? पोरी दोन होत्या.

मी म्हटलं, "पावणं, जावा आत. तुमची शुद्धीवर आलीया. पाणी मागितलंय तिनं."

तो हलला नाही. म्हणाला, "आन् आशी?"

आशीला त्यांनी आत नेलं तेव्हाच ती गेलेली होती. टेम्पोत माझ्या मांडीवर गेली की त्याच्या आधीच खोलीत, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. गीताला घोंगड्यासकट दाराच्या फटीपर्यंत ओढत आणलं ते तिनं, हे मात्र त्यानं सांगितलं, कारण फटीशी तोंड होतं म्हणून पोत्यातूनही तिला थोडी हवा मिळाली.

त्या खोलीतून गीता जगली.